आधी कान, मग दुर्बीण

अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात एक कच्चा रस्ता आहे. टेंगा खोऱ्यातून तो वळणं घेत चढतो, २,८०० मीटर उंचीवरची ईगलनेस्ट खिंड ओलांडतो आणि सुंदरव्ह्यू, बोम्पू, सेस्नी, खेलाँग असे मुक्काम मागे टाकत आसामच्या सपाटीकडे उतरतो. या मुक्कामांपैकी एकही गाव नाही. कुठे तंबू ठोकण्यापुरती सपाट जागा, कुठे वनखात्याची झोपडी, एवढंच. लष्कराच्या गाड्यांसाठी हा रस्ता निघाला. १९५०च्या दशकात इथे तैनात असलेल्या 'रेड ईगल' डिव्हिजनवरून या जागेचं नाव पडलं, आणि १९८९ मध्ये जाहीर झालेल्या २१८ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यानेही तेच घेतलं. आज लष्करी वाहतूक दुसरीकडून चालते. या रस्त्यावर दिसतात ती हत्तींची लीद, दरडींचा चिखल आणि गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं.

माणसं येतात ती उंचीतल्या फरकासाठी. अभयारण्याचा सर्वांत खालचा भाग ५०० मीटरवर आहे आणि माथा ३,२५० मीटरवर. वर ओक, ऱ्होडोडेंड्रॉन आणि बांबूची दाट बेटं. खाली रानकेळी, वेत, झाडनेचे आणि खोडाशी भिंतीसारखे आधार उभे केलेले प्रचंड वृक्ष. सकाळी स्वेटरवर जॅकेट चढवून निघालेला माणूस त्याच रस्त्याने खाली उतरत गेला, तर घाम पुसत उष्ण कटिबंधातल्या वर्षावनात पोहोचतो. नकाशात पाहिलं तर हे जंगल कर्कवृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला, दिल्लीच्या फारसं खाली नाही. तरीही इथे वर्षावन आहे, कारण हिमालयाची भिंत उत्तरेचा कोरडा गारठा अडवते आणि बंगालच्या उपसागरावरून आलेले ढग ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून थेट या उतारांवर येऊन आदळतात. दक्षिण उतारावर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; खिंडीपलीकडे टेंग्याच्या बाजूला त्याच्या निम्मा. त्या एका धारेच्या अलीकडे आणि पलीकडे झाडं बदलतात, किडे बदलतात आणि म्हणून पाखरंही बदलतात. पूर्व हिमालयातल्या अनेक पक्ष्यांचा पट्टा उंचीच्या काही शे मीटरपुरताच असतो. दोन वळणं खाली उतरलं की मघाचा आवाज बंद होतो आणि त्याच्या चुलतभावाचा सुरू होतो.

आम्ही एप्रिलमध्ये गेलो. पुण्या-मुंबईचे काही जण, सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका ज्यांना सगळे बाई म्हणत, आणि नाशिकचा एक फोटोग्राफर. गुवाहाटी, तेजपूर, भालुकपाँग, तिथल्या नाक्यावर इनर लाइन परमिटची तपासणी आणि मग टेंगा. प्रवासाचं याहून जास्त सांगण्यासारखं नाही. सांगायचंय ते आम्हाला वाट दाखवणाऱ्या मुलाबद्दल. तो सिंगचुंग गावचा, बुगुन समाजातला, पंचविशीच्या आसपासचा. हिंदी अरुणाचली वळणाची, बोलणं मोजकं. बाईंना पहिल्या तासातच 'आंटी' म्हणू लागला. बाईंनी त्याला 'बाळा' म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द त्याला कळतो की नाही याची चौकशी दोघांनीही केली नाही.

लामा कॅम्पवर, साधारण २,३५० मीटरवर, पहाटे उजाडायच्या आत त्याने आम्हाला रस्त्यावर उभं केलं आणि सांगितलं, "दूरबीन अभी नीचे. पहले सुनो." एप्रिलमधल्या पूर्व हिमालयातल्या पहाटेचा कालवा पहिल्यांदा कानावर पडतो तेव्हा त्यातून काहीच वेगळं काढता येत नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेल्या माणसालाही नाही. आपल्याकडे सकाळी कुटुर्गा, बुलबुल, सातभाई, हळद्या, शीळकरी कस्तूर असे आवाज एकेक उलगडत जातात. इथे एकाच झुडपात चार जातींचे सातभाईवर्गीय पक्षी, वर फांदीवर दोन जातींचे वटवटे, दरीत कोकीळ कुळातले कुणीतरी, आणि हे सगळे एकाच वेळी. तो मुलगा मात्र ऐकता ऐकता हळू आवाजात नावं घेत होता, एकामागून एक, बोटाने दिशा दाखवत. मग एका दिशेला बोट थांबलं. "वो नीचेवाला बांबू. अब दूरबीन." बांबूच्या बुडाशी अंगठ्याएवढं, शेपूट जवळजवळ नसलेलं, तपकिरी काहीतरी सरकलं. रुफस-थ्रोटेड रेन-बॅबलर. जगात पूर्व हिमालयाच्या या चिंचोळ्या पट्टीबाहेर तो कुठे राहत नाही. तो आम्हाला दिसला दोन सेकंद, ऐकू येत होता मात्र पाव तासापासून.

वर्षावनातल्या पक्षिनिरीक्षणाची सगळी रीत या एका प्रसंगात आहे. गवताळ माळावर किंवा जलाशयावर डोळे पुरतात. इथे दहा पावलांपलीकडे पान आणि सावली यांखेरीज काही नसतं. पक्षी आहे हे आधी कान सांगतो, तो कुठे येईल हे अनुभव सांगतो, आणि डोळ्याच्या वाट्याला शेवटचा, सर्वांत लहान भाग उरतो. बाहेरच्या माणसाने पुस्तकं कितीही वाचली, रेकॉर्डिंग कितीही ऐकली, तरी हा क्रम त्याच्या अंगवळणी पडायला वर्षं लागतात. ज्याचं बालपण या आवाजांखाली गेलं, त्याला ती वर्षं आधीच मिळालेली असतात.

दिवसाचा दुसरा प्रहर मिश्र थव्यांचा. या जंगलात वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र शिकारीला निघतात. कुणी सालीखालचे किडे काढतो, कुणी पानांच्या टोकावरचे, कुणी उडालेले झेलतो. अर्धा अर्धा तास रस्ता रिकामा असतो आणि मग अचानक, वारीतली दिंडी गावातून जावी तसा एक थवा झाडांमधून जातो: सिबिया, मेसिया, युहिना, निखार, माशीमार, कोतवाल, खोडावरून उलटे उतरणारे शिलींध्री. तीन-चार मिनिटांत सगळं पुढे निघून जातं. अशा वेळी कुठे पाहायचं हे ठरवणं जमत नाही. आमचा वाटाड्या एकच नाव उच्चारायचा, थव्यातलं सर्वांत दुर्मीळ, आणि बाकीचं सोडून द्यायला सांगायचा. कशाकडे दुर्लक्ष करायचं हे सांगणारा माणूस बरोबर असणं किती मोलाचं आहे, ते मला तिथे कळलं.

कानांनी पक्षिशास्त्रालाही इथे धडे दिले आहेत. सोनेरी चष्मा घातल्यासारखा दिसणारा एक छोटा हिमालयी वटवट्या एकोणिसाव्या शतकापासून एकच जात समजला जात असे. १९९९ मध्ये अभ्यासकांनी त्याची गाणी बारकाईने तपासली आणि ती एक नसून अनेक जाती आहेत हे मांडलं. रंगात फरक इतका सूक्ष्म की संग्रहालयातल्या खणात शेजारी शेजारी ठेवलेल्या कातड्यांवरून तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता. याहून आपल्या जवळची गोष्ट २००९ ची. स्वीडनचे पेर आल्स्ट्रॉम आणि आपले शशांक दळवी याच पश्चिम अरुणाचलच्या डोंगरांत काम करत होते. प्लेन-बॅक्ड थ्रश नावाचा कस्तूर वर्गातला पक्षी त्यांना दोन ठिकाणी भेटला. वृक्षरेषेच्या वर, उघड्या खडकाळ उतारांवर त्याचं गाणं कर्कश, खरखरीत. खाली सूचिपर्णी जंगलात तेच गाणं सुरेल. दिसायला दोघे जवळपास सारखे. पुढे अनेक देशांतल्या संग्रहालयांतले नमुने, डीएनए आणि ध्वनिमुद्रणं तपासून २०१६ मध्ये जंगलातला पक्षी वेगळी जात म्हणून जाहीर झाला. त्याला नाव दिलं सालिम अलींचं: झूथेरा सालिमअलीआय. मुंबईत राहून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या छपराखाली देशभराच्या पाखरांचा अभ्यास उभा करणाऱ्या माणसाचं नाव हिमालयातल्या एका सुरेल पक्ष्याला मिळालं, आणि ते देणाऱ्यांत एक मराठी नाव होतं. दिवाळी अंकात ही गोष्ट नोंदवताना मला अभिमान वाटतो.

खिंड ओलांडून आम्ही बोम्पूला उतरलो. १,९४० मीटर. तंबू, शेकोटी, भात-डाळ, हिरवी भाजी, बादलीत गरम पाणी आणि पायाला चिकटणाऱ्या जळवा. वाटेत सुंदरव्ह्यूच्या आसपास वाटाड्याने गाडी थांबवून सगळ्यांना उतरवलं. रस्त्याच्या कडेच्या फांदीवर एक नर वॉर्ड्स ट्रोगॉन पाठ वळवून बसला होता. ट्रोगॉन म्हणजे आपल्या कर्ण्याचा भाऊबंद. तीच ताठ बैठक, तीच मान हळू फिरवण्याची लकब, किडा दिसला की झेपावून पुन्हा फांदीवर येण्याचा तोच स्वभाव. फक्त आपल्या कर्ण्याच्या छातीचा लालभडक इथे गुलाबी-किरमिजी होतो आणि आकार थोडा वाढतो. बाईंनी कोकणातल्या तिलारीत कर्णा पाहिलेला होता. त्या पुटपुटल्या, "अगदी तोच बसतो तसा." त्याने वळून छाती दाखवली तेव्हा नाशिकच्या फोटोग्राफरने कॅमेरा खाली ठेवून तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

बोम्पूच्या रात्री शेकोटीपासून लांब जायची मनाई होती. हत्ती. पायथ्याचे हत्ती उन्हाळ्याकडे हा डोंगर चढून खिंडीपर्यंत येतात. इतक्या उंचीवर हत्ती असतील यावर वाचूनही विश्वास बसत नाही, पण रस्त्यावरच्या लिदीतून ताजी वाफ येत असते आणि बांबूची बेटं मुळापासून उपसलेली असतात. पहाटे चालताना वाटाड्या प्रत्येक वळणाआधी थांबून ऐकायचा. पक्ष्यासाठी की हत्तीसाठी, ते विचारायची गरज नव्हती. एकाच कानावर आमची सगळी मोहीम चालली होती.

सेस्नीपासून खाली जंगल बदलतं. हवा जड होते, पानं रुंद होतात, खोडांवर शेवाळाऐवजी वेल चढतात. इथे आम्ही सर्वाधिक रमलो. एका कड्याला आग्या मोहोळांच्या काळ्या पाट्या लटकलेल्या होत्या, हिमालयातल्या मोठ्या मधमाशीच्या, आणि त्यांच्या शेजारच्या फांदीवर यलो-रम्प्ड हनीगाइड तासन्‌तास बसून होता. हा पक्षी मेण खातो. मेण पचवू शकणारे पक्षी जगात मोजके. पोळ्याजवळच्या जागेवर नर हक्क सांगतो आणि मादी मेणासाठी त्याच्या हद्दीत येते. खाण्याची जागा आणि जोडीदार मिळवण्याची जागा एकच. पुढे एका उंच वाळक्या झाडावर ब्युटिफुल नटहॅच दिसला, निळ्या-काळ्या अंगावर पांढऱ्या-निळसर रेघा ओढलेला शिलींध्री. तो पाहण्यासाठी लोक जगाच्या दुसऱ्या टोकाहून येतात. वाटाड्याने तो आधी ऐकला होता, अर्थातच.

आणि धनेश. खोल दरीतून रुफस-नेक्ड धनेशाची जोडी आमच्या पायाखालून उडत गेली, नराची मान विटकरी-केशरी, शेपटाचा निम्मा भाग पांढरा. धनेश दिसण्याआधी त्याच्या पंखांचा आवाज येतो, हवा कापत जाणारा, लयीतला. कोकणात जे लोक महाधनेशाला गरुड म्हणतात त्यांना हा आवाज ठाऊक आहे.

आता त्या पक्ष्याकडे येतो, ज्याच्यामुळे ईगलनेस्ट जगाच्या नकाशावर आलं.

जानेवारी १९९५ मध्ये रमण आत्रेय यांना या डोंगरावर दोन पक्षी दिसले जे कोणत्याही पुस्तकात बसत नव्हते. आत्रेय व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात होते, ज्या संस्थेची महादुर्बीण नारायणगावजवळ खोडदला तीस तबकड्या उघडून आकाशाकडे कान लावून बसलेली आहे. दहा वर्षं ते त्या दोन पक्ष्यांचा विचार घेऊन राहिले. २००५ मध्ये पक्षी पुन्हा दिसला. मे २००६ मध्ये तो जाळ्यात सापडला. आकार २२ सेंटिमीटर, हिरवट-राखाडी अंग, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे केशरी-पिवळा ठिपका, पंखांवर पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या खुणा. याचे जवळचे नातलग चीनच्या सिच्वान प्रांतात आणि तैवानमध्ये. मधल्या हजार किलोमीटरहून अधिक अंतरात कुणी नाही.

नवी जात जाहीर करण्याची शास्त्राची रूढ पद्धत अशी, की पक्षी मारायचा, कातडं भरून संग्रहालयात ठेवायचं आणि त्या नमुन्याला नाव द्यायचं. सालिम अलींनीही बंदुकीने नमुने गोळा केले. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता आणि त्या संग्रहांवरच आजचं बरंचसं ज्ञान उभं आहे. आत्रेय यांच्यासमोर प्रश्न होता संख्येचा. त्यांना त्या भागात एकूण १४ पक्षी आढळले होते. चौदातला एक मारणं म्हणजे काय, हे कुणालाही समजेल. त्यांनी मोजमापं घेतली, फोटो काढले, आवाज मुद्रित केला, जाळ्यात गळालेली पिसं जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. सप्टेंबर २००६ मध्ये 'इंडियन बर्ड्स' या नियतकालिकात त्याचं वर्णन आलं. स्वतंत्र भारतात अर्धशतकाहून अधिक काळानंतर सापडलेली ही पक्ष्याची नवी जात. पिसांवर आणि फोटोंवर जात मान्य करावी का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. जात मान्य झाली. आज ती अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. नाव लिओसिक्ला बुगुनोरम: बुगुनांचा लिओसिक्ला.

या नावाने पक्ष्याचं भवितव्य बदललं असं मी मानतो. बुगुन ही अगदी लहान जमात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येतल्या लाकूडतोडीवर बंधनं आणण्याआधी या भागातला पैसा मुख्यतः लाकडाचा होता. ती कमाई थांबली तेव्हा जंगलाकडून दुसरं काही मिळू शकतं हे कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवावं लागणार होतं. आत्रेय आणि सिंगचुंगचे इंडी ग्लो यांनी मिळून पक्षिनिरीक्षकांसाठी तंबूंचे मुक्काम उभे केले. स्वयंपाकी, चालक, वाटाडे सगळे गावातले. मग पक्ष्याला जमातीचं नाव मिळालं. लामा कॅम्पच्या परिसरातलं जंगल, जिथे हा पक्षी राहतो, ते अभयारण्याच्या सीमेबाहेर, बुगुनांच्या सामूहिक मालकीचं आहे. म्हणजे सरकारने ठरवून ते वाचणार नव्हतं. मालकांनी ठरवायला हवं होतं. तेव्हाचे विभागीय वनाधिकारी मिलो तासर यांनी गावाशी बराच काळ बोलणी केली आणि २०१७ मध्ये सिंगचुंग बुगुन ग्रामसमाज राखीव क्षेत्र जाहीर झालं, १७ चौरस किलोमीटरचं. गस्त घालतात गावातलीच मुलं. पुढच्याच वर्षी या कामाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. आमचा वाटाड्या आधी त्या गस्तीत होता. शिकारीचे फास काढता काढता पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकला, असं त्याने सांगितलं.

लिओसिक्ला आम्हाला दिसेल की नाही याची शाश्वती त्याने आधीच नाकारली होती. परतीच्या वाटेवर पुन्हा लामा कॅम्पला थांबलो. पहाटे धुकं. उतारावरच्या झुडपांतून उतरत्या स्वरांची, बासरीसारखी स्वच्छ शीळ आली. वाटाड्याच्या चेहऱ्यावरून कळलं. आमच्यातल्या एकाने विचारलं, "कॉल बजाओगे?" मोबाइलला जोडलेला लहान स्पीकर त्याच्या पिशवीत होता, दुसऱ्या पक्ष्यांसाठी त्याने तो एकदा-दोनदा वापरलाही होता. तो म्हणाला, "इसका नहीं."

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. पक्ष्याचा आवाज वाजवला की नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून, घरट्यापासून दूर येऊन, शत्रू शोधत फिरतो. आपल्याला तो उघड्यावर दिसतो, फोटो मिळतो, आणि आपण खूश होऊन पुढे जातो. लाखो संख्येत असलेल्या बुलबुलाला एखाद्या वेळी फरक पडणार नाही. पण ज्याच्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजता येतील, ज्याच्या ठावठिकाण्याची माहिती जगभर पसरलेली आहे आणि ज्याच्यासाठी दर हंगामात गटामागून गट येतात, त्याला रोज सकाळी खोट्या शत्रूशी झुंजायला लावणं हा अन्याय आहे. महाराष्ट्रातही नवरंगाच्या विणीच्या हंगामात स्पीकर वाजवत बसलेले फोटोग्राफर मी पाहिले आहेत. फोटोपेक्षा पक्ष्याची सकाळ मोठी आहे. ज्याच्या रोजीरोटीचा प्रश्न आहे तो वाटाड्या गिऱ्हाइकाला नाही म्हणतो, ही मोठी गोष्ट आहे; गिऱ्हाइकाने ते म्हणण्याची वेळ आणू नये.

आम्ही उभे राहिलो. शीळ दोनदा सरकली. धुकं थोडं विरलं आणि एका फांदीआड काळी टोपी, पंखाची लाल कडा दिसली, आणि पक्षी खाली झुडपात गेला. गटातल्या सगळ्यांना तो दिसला नाही. फोटो कुणालाच मिळाला नाही. ज्याला दिसला नाही त्याने नंतर तक्रारही केली नाही, हे मला सांगावंसं वाटतं.

या डोंगरावर आणखी एक काम गेली अनेक वर्षं चालू आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उमेश श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी २०११ पासून बोम्पूच्या आसपास झुडपांतल्या लहान पक्ष्यांना जाळ्यात पकडून, पायात हलकी ॲल्युमिनियमची कडी घालून सोडतात. पुढच्या वर्षी तोच पक्षी पुन्हा सापडला तर तो जगला हे कळतं. जाळी लावणं, पक्षी न दुखावता सोडवणं, कडी घालणं, हे नाजूक काम स्थानिक माणसं करतात. एकेकाळी लाकूड तोडलेल्या आणि कधीच न तोडलेल्या जंगलाची तुलना करता येते, कारण दोन्ही इथे शेजारी आहेत. तोडलेल्या जंगलाच्या आत जास्त गरम आणि कोरडं असतं, आणि थंड पट्ट्यातल्या पक्ष्यांना तिथे तग धरणं अवघड जातं. हवामान तापतंय तसे डोंगरावरचे पक्षी वर सरकू लागले आहेत. वर सरकायला डोंगर संपेपर्यंतच जागा असते. मूळ जंगलाची सावली त्यांना थोडा अवधी देते. म्हणून जुनं झाड उभं राहणं हा या पाखरांच्या जगण्या-मरण्याचा हिशेब आहे.

ईगलनेस्ट सोडून आम्ही पुन्हा भालुकपाँगला उतरलो आणि आसामच्या बाजूने फिरून सेइजोसाला, पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या दारात आलो. ८६२ चौरस किलोमीटरचं हे पायथ्याचं जंगल, आणि धनेशांचं राज्य: महाधनेश, रीद्ड, ओरिएंटल पाइड, आणि वरच्या भागात रुफस-नेक्ड. पायथ्याला न्यीशी जमात राहते. न्यीशी पुरुषांच्या पारंपरिक टोपीवर महाधनेशाची चोच असायची, आणि त्यासाठी पक्षी मारला जाई. २००० नंतरच्या वर्षांत फायबरग्लासच्या चोची पुढे आल्या आणि हळूहळू रुळल्या. पण पक्ष्याला खरा आधार मिळाला तो घरट्याच्या राखणीतून. अपराजिता दत्ता १९९० च्या दशकापासून इथे धनेशांचा अभ्यास करतात. त्यांच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनने, न्यीशी गावबुढ्यांच्या, म्हणजे गावप्रमुखांच्या, घोरा-आभे सोसायटीने आणि वनखात्याने मिळून २०११-१२ च्या सुमारास घरटी दत्तक देण्याची योजना सुरू केली. शहरातला माणूस वर्षाचे ठरावीक पैसे देतो. त्यातून गावातल्या राखणदाराला पगार मिळतो. तो व्याघ्र प्रकल्पाबाहेरच्या जंगलातली घरटी शोधतो, राखतो आणि वहीत नोंदी करतो. या राखणीत आजवर शंभराहून अधिक पिल्लं उडाली आहेत.

असा एक राखणदार आम्हाला एका टेट्रामेलेस वृक्षापासून बऱ्याच अंतरावर घेऊन बसला. वयाने बाईंच्या बरोबरीचा. तरुणपणी त्याने धनेश मारले होते, हे त्याने सरळ सांगितलं. वर ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं, फक्त उभी फट. आत मादी. ती स्वतःला आतून कोंडून घेते, विष्ठा आणि अन्नाच्या उरल्यासुरल्या चोथ्याने दार लिंपते, आत पिसं गाळते, अंडं उबवते, आणि तेवढे महिने बाहेरचा नर फळं आणून त्या फटीतून भरवतो. नर मारला गेला तर ढोलीतलं सगळं कुटुंब उपाशी मरू शकतं. म्हणून राखण घरट्याची असली तरी लक्ष नरावर असतं. तो आला तेव्हा त्याच्या गळ्यात उंबरवर्गातली फळं भरलेली होती. एकेक फळ वर आणून, चोचीच्या टोकाशी धरून त्याने फटीत दिलं. राखणदाराने प्रत्येक फळाची रेघ वहीत ओढली आणि मधल्या वेळात कोणत्या झाडाची बी आहे तेही लिहिलं. मोठ्या बियांची कितीतरी झाडं या जंगलात धनेशाच्या पोटातूनच दूर जातात; दुसरं क्वचितच कुणी ती गिळू शकतं.

आपल्या कोकणातही जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटी करतात. देवराईतलं झाड तोडलं गेलं नाही म्हणून कित्येक घरटी आजही टिकून आहेत. पक्केच्या राखणदारासारखा वहीत रेघा ओढणारा माणूस मात्र आपल्या फार थोड्या गावांत आहे. २०२० मध्ये दोडामार्ग तालुक्यात तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, २९.५३ चौरस किलोमीटरचं. तिथे पक्षी पाहायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि बहुतेक गट वाटाड्या शहरातून बरोबर घेऊन जातात.

हे सगळं बोलणं गुवाहाटीच्या परतीच्या गाडीत चाललं होतं. वाटाड्या तेजपूरपर्यंत आमच्याबरोबर होता. त्याने विचारलं, तुमच्याकडचा ट्रोगॉन कधी बोलतो?

बाई म्हणाल्या, "फेब्रुवारी ते मे. तू ये. मी घेऊन जाते तुला तिलारीला."

"वहाँ गाइड कौन है, आंटी? गाँव का है?"

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. तिलारीजवळच्या एका गावात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी राहते, तिचा मुलगा बारावीनंतर घरीच आहे, गुरांमागे रानात फिरतो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी वाटाड्याचा नंबर वहीत लिहून घेतला आणि त्याला विचारलं, "त्या मुलाला तुझ्याकडे पाठवलं, तर एक हंगाम बरोबर ठेवशील का?"

"एक सीझन में सिर्फ सुनना सीखेगा," तो म्हणाला. "दो भेजो."